सोफ्याच्या दुकानातला साक्षीदार

आत्या : आणि न्यायाधीशांनी विचारलं, दोन वर्षं लोकांना खोटं का सांगितलंत, तर काय उत्तर देणारेस दादा?

बाबा : खरं ते सांगेन. तू तेवढी ती सुतळी ओढून धर. सोफ्याचं पोट सगळं बाहेर येतंय.

आत्या : सोफा मरू दे! समोरच्या इस्त्रीवालीला तूच सांगितलंस ना, ‘हा मुलगा माझ्याकडे काम शिकतो’? आता उद्या कोर्टात ती त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहतेय. तिची तरी काय चूक? जे ऐकलं तेच ती बोलणार.

लेक : आत्या, तसं सांगायची कल्पना तुझीच होती.

आत्या : मग काय वाईट होती? मुलगा रोज संध्याकाळी येऊन बसायचा. लोक विचारणारच, कोण हा? हातात सुई दिली की तोंडं बंद.

बाबा : सुई दिली खरी. पण एक उशी धड झाली नाही त्याच्याकडून. कापूस निम्मा आत, निम्मा त्याच्या डोक्यावर.

लेक : किती हसायचास तू त्याला.

बाबा : आवडायचा मला तो. खोटं कशाला बोलू? पाऊस आला की तुझ्या चष्म्याच्या दुकानाबाहेर छत्री घेऊन उभा राहायचा. आणि आता त्याच दुकानाबाहेर उभा असतो, तर तू मागच्या दाराने घरी येतेस.

लेक : आज नव्हता आला.

बाबा : आज नव्हता. पण दुकानातून निघताना रोज आधी वाकून बघतेसच ना? असंच जगायचं का तू?

आत्या : अरे, पण ना लग्न, ना एका घरात राहणं. कायदा कसा लागायचा? तो सासरी मार खाणाऱ्या बायकांसाठी.

लेक : होता तसा. आता बदललाय आत्या. वेगवेगळ्या घरांत राहत असलात, नुसतं प्रेमाचं नातं असलं, तरी कोर्टाकडे संरक्षण मागता येतं. त्याने माझ्या जवळ यायचं नाही, दुकानाबाहेर थांबायचं नाही, असा हुकूम मिळतो. फक्त नातं होतं हे दाखवावं लागतं.

आत्या : आणि तो काय म्हणतो?

लेक : नव्हतंच म्हणतो. ‘मी दुकानातला कारागीर. मालकाशी माझं वाजलं, म्हणून त्यांनी मुलीला पुढे केलं.’

आत्या : कारागीर! मेल्याला म्हणावं, कोर्टात एक खुर्ची शिवून दाखव.

लेक : फोटो, मेसेज सगळं फोनमध्ये होतं. माझा हात पिरगळला त्याच दिवशी त्याने फोनही भिंतीवर आपटला. आणि बाहेर मी कुणाला काही बोललेच नव्हते. माहीत होतं ते तुम्हा दोघांनाच. म्हणून म्हणते बाबा, राहू दे. मी अर्ज मागे घेते.

बाबा : का?

लेक : अरे, गिऱ्हाइकं बाहेरगावी जाताना घराच्या किल्ल्या तुझ्याकडे ठेवून जातात. उद्या इस्त्रीवालीच्या देखत तू उठून म्हणणार, मी खोटं बोलत होतो. लोक काय म्हणतील तुला?

बाबा : खोटारडा म्हणतील. बरोबरच आहे की.

लेक : थट्टा नको ना करूस.

बाबा : थट्टा नाही गं. मला लोकांची भीती वाटली, हे खरंच आहे. त्या भीतीची किंमत तू का मोजायची?

आत्या : दादा, हा घे दोरा. मी आलेच.

बाबा : कुठे निघालीस?

आत्या : समोर. जीभ माझी वळवळली, निस्तरायचंही मीच. इस्त्रीवालीला सगळं खरं सांगते. मग तिला कोर्टात काय बोलायचंय ते ती ठरवू दे.

(आत्या चपला अडकवून रस्ता ओलांडते. दुकानात दोघंच उरतात.)

बाबा : चल, आता तू त्याचा वकील हो. विचार मला.

लेक : मला नाही जमायचं.

बाबा : उद्या कुणी परका विचारणारच आहे. आधी तुझ्या तोंडून ऐकतो, म्हणजे दचकणार नाही.

लेक : बरं. तर... माझे अशील तुमच्याकडे कामाला होते ना?

बाबा : नाही साहेब. माझ्या मुलीसाठी यायचे. दोघांचं प्रेम होतं. मला ठाऊक होतं आणि मी ते लपवलं.

लेक : म्हणजे तुम्ही खोटं बोलता.

बाबा : बोलत होतो. आज बोलत नाहीये.

लेक : माझ्या अशिलांनी तिला दुखापत करताना तुम्ही पाहिलंत?

बाबा : नाही.

लेक : मग कशावरून म्हणता?

बाबा : तिने सांगितलं.

लेक : तिने सांगितलं आणि तुम्ही मानलंत? काही न विचारता?

बाबा : मनगट सुजलं होतं तिचं. पण ते मी नंतर पाहिलं. त्याआधीच मानलं होतं.

लेक : तरण्या मुलीला... एवढी मोकळीक दिलीत. तेव्हा नाही सुचलं, असं काही होईल म्हणून? चूक तुमचीच नाही का?

बाबा : हे वकील विचारतोय, की तू?

लेक : उत्तर द्या.

बाबा : मोकळीक होती, म्हणूनच त्या संध्याकाळी ती सरळ घरी आली साहेब. माझ्यासमोर बसली आणि सगळं बोलली. माझा धाक असता, तर हात पदराआड... नाही, हात पाठीमागे लपवून जेवायला बसली असती. आणि मी मूर्खासारखं विचारलं असतं, आज डाव्या हाताने का जेवतेस?

(लेक डोळे पुसते.)

बाबा : पुढचा प्रश्न? वकील असे रडतात का गं?

लेक : मी आता वकील नाहीये.

बाबा : मग ये इकडे.