सामानाच्या खोलीतली हॅलिना

ओरिसिया: हॅलिना? माझ्यासाठी तुला हॅलिनाच सापडलं?

ग्वेन: अगं, खरं नाव लिहायचंच नसतं. थॉर्लाकसन सरांनी पदवीच्या वर्गात पहिल्याच शनिवारी सांगितलं नव्हतं का, ज्या माणसावर निबंध लिहाल त्याचं नाव बदला म्हणून?

ओरिसिया: नाव बदललंस आणि गळ्यातली हिरवी शिट्टी तशीच ठेवलीस! तिसरीचा वर्ग तसाच. आजीच्या म्हणी तशाच. अख्ख्या जिल्ह्यात तिसरीला शिकवणारी, गळ्यात शिट्टी घालून फिरणारी युक्रेनी बाई दुसरी आहे तरी कोण?

ग्वेन: कुणी ओळखलं नाही.

ओरिसिया: समोरच्या बाकावरचा डॅरिल पूर्ण वेळ माझ्याकडे बघून शिट्टी मारल्यासारखं तोंड करत होता.

ग्वेन: डॅरिल माझ्या सहावीतल्या पोरांपेक्षा वाह्यात आहे. त्याला वर्गाबाहेर उभं करायला हवं.

ओरिसिया: विनोद करू नकोस. आज नको.

ग्वेन: बरं. बिया खाणार? सूर्यफुलाच्या आहेत, खारवलेल्या.

ओरिसिया: समोर बघून गाडी चालव.

ग्वेन: पण तूही हसलीस की. सगळ्यांबरोबर हसलीस. मला वाटलं, चला, हिला आवडलं.

ओरिसिया: मग काय करायला हवं होतं? हात वर करून सांगू, की मीच ती, मीच कडी लावून बसले होते? चौदा मास्तर-मास्तरणी पोट धरधरून हसतायत, एकीच्या तर नाकातून कॉफी आली. त्यात मी एकटी गप्प बसले असते तर जागच्या जागी पकडले गेले असते. म्हणून हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले. गाल दुखतायत अजून.

ग्वेन: मला खरंच कळलं नाही गं.

ओरिसिया: 'हॅलिना सामानाच्या खोलीत शिरते आणि आतून कडी लावते. बाहेर तिचा वर्ग दारासमोर शिस्तीत रांग लावतो आणि एकेक मूल दार वाजवून विचारतं, बाई, बाथरूमला जाऊ का?' कसं वाचलंस ते! रांगेशी येऊन थांबलीस. हशा संपेपर्यंत पाणी प्यालीस. नाटकात होतीस का कॉलेजात?

ग्वेन: ते खरंच झालं होतं, ओरिसिया.

ओरिसिया: खरं झालं म्हणूनच तर बोलतेय! खोटं असतं तर मीही मनापासून हसले असते.

ग्वेन: आणि त्या दिवशी धावत आलं कोण? दोन्ही वर्ग कुणी सांभाळले? तुझ्या तिसरीला माझ्या सहावीत बसवून गाणी कुणी म्हणून घेतली? मुख्याध्यापकांना आजपर्यंत पत्ता लागू दिला नाही मी.

ओरिसिया: त्यासाठी मी तुझे पाय धरायला तयार होते. तू त्याचाच निबंध केलास. माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस तेव्हाच मनात टिपून घेत होतीस, की घरी जाऊन?

ग्वेन: घरी जाऊन. म्हणजे, दोन महिन्यांनी.

ओरिसिया: बघ! हिला लाजही वाटत नाही.

ग्वेन: वाटते. म्हणून तर बिया खातेय.

ओरिसिया: आणि सरांनी विचारलं, हा निबंध फेब्रुवारीच्या अधिवेशनात वाचाल का, तेव्हा मान हलवलीस. मी बघितलं.

ग्वेन: ती सवयीनं हलली. मास्तरांनी विचारलं की माझी मान हलतेच.

ओरिसिया: अधिवेशनाला पुढच्या रांगेत कोण बसतं? आपले मुख्याध्यापक. त्यांच्या शेजारी शिक्षणाधिकारी. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा. 'हॅलिना'ची हिरवी शिट्टी ऐकली की दोघंही माना वळवून मलाच शोधतील. भर मधल्या सुटीत आठ वर्षांची पोरं वाऱ्यावर सोडून बाई कडी लावून बसली! माझी चौकशी लागेल, ग्वेन. तिसरी काढून घेतील माझ्याकडून. आणि नाही काढून घेतली तरी मरेपर्यंत मी कडीवाली बाई. किराणा घ्यायला गेले तरी लोक कोपरानं ढोसतील एकमेकांना.

ग्वेन: मी शिट्टी काढून टाकते.

ओरिसिया: निबंध काढून टाक.

ग्वेन: नाही जमणार.

ओरिसिया: काय म्हणालीस?

ग्वेन: सोमवारी सकाळी द्यायचाय तो. एवढा एक विषय सुटला की मला पदवी. नाही सुटला तर माझी सहा वर्षांची मुदत संपते, आणि आधीचे सगळे विषय पाण्यात. जुळी पोटात होती तेव्हा सुरू केलंय मी हे. आता दोघं बालवर्गात बसून स्वतःचं नाव लिहितात, आणि आई अजून विद्यार्थिनीच!

ओरिसिया: मीही तीच पदवी करतेय. मी कुणाला विकलं नाही.

ग्वेन: विकलं? ऐक, आता माझंही ऐक. सर म्हणाले, एक सहकारी निवडा आणि तिचा ताण निरखा. मी कुणाला निरखू? माझ्या भिंतीपलीकडे तूच. तुझी पोरं मोठी, घर सोडून गेलेली, तू रविवारी चर्चहून येऊन निवांत लिहीत बसतेस. मी कुठे लिहिते ठाऊक आहे? बर्फाच्या मैदानाच्या पायऱ्यांवर, एका हातानं पोराचे स्केट बांधत. प्रगतिपुस्तकं आणि हा निबंध एकाच आठवड्यात आले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं! आणि अजून एक सांगू? मला तुझा राग आला होता त्या दिवशी. तू कडी लावून बसलीस. मला कुठे बसता येतं? माझ्या वर्गाला सामानाची खोलीच नाही!

ओरिसिया: चोर तो चोर, वर शिरजोर.

ग्वेन: हो, शिरजोर! जराही झोप नाही झाली की मी शिरजोरच असते.

ओरिसिया: मग आजारी पडायचंस एक दिवस.

ग्वेन: कशी पडू? आजारी पडायचं तर बदलीवर येणाऱ्या बाईसाठी आधी चार पानं लिहायची. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण कुणाशेजारी बसलं की चावतं, फळ्याचा डस्टर कुणी लपवला असेल. त्यापेक्षा ताप घेऊन शाळेत गेलेलं परवडतं.

ओरिसिया: आणि वर आपले सर सांगतात, ताण आला की डोळे मिटा, दहा श्वास मोजा.

ग्वेन: तिसरीसमोर डोळे मिटायचे?

ओरिसिया: दुसऱ्या श्वासाला एखाद्याच्या नाकात खडू गेलेला असेल.

ग्वेन: हसलीस!

ओरिसिया: नाही हसले. मला हसवून सुटशील असं वाटतंय तुला, दर वेळी सुटतेस तशी. आज नाही. सगळ्यांत जास्त हशा कुठल्या वाक्याला पडला, ते आठवतंय?

ग्वेन: रांगेच्या.

ओरिसिया: नाही. त्याच्या पुढच्या. 'हॅलिना आत स्वतःशी पुटपुटत होती. बहुधा शिव्या.'

ग्वेन: मी दाराला कान लावला होता. काहीतरी चाललं होतं तुझं.

ओरिसिया: काय चाललं होतं?

ग्वेन: ते नाही कळलं. म्हणून तर बहुधा लिहिलं.

ओरिसिया: विचारलंस?

ग्वेन: कुणाला?

ओरिसिया: कुणाला म्हणजे! मला! तीन हिवाळे झाले, दर शनिवारी या गाडीत तुझ्या शेजारी बसतेय मी. जायला दीड तास, यायला दीड तास. नवऱ्याचं घोरणं, सासूचा चिवटपणा, डॅरिलचा विग, कशावर बोललो नाही आपण? त्यानंतर एकदा तरी म्हणालीस, ओरिसिया, त्या दिवशी काय झालं होतं गं?

ग्वेन: मला वाटलं, तुला त्यावर बोलायचं नसेल.

ओरिसिया: म्हणून मग चौदा जणांसमोर तू बोललीस.

ग्वेन: ओरिसिया...

ओरिसिया: कारणंही लिहून मोकळी झालीस. कामाचा बोजा, थंडी, अर्धवेळ शिक्षण. खाली पुस्तकांची यादी. दुनियेची पुस्तकं उघडलीस, शेजारी बसलेलीला विचारलं नाहीस.

ग्वेन: मग आता विचारते. काय म्हणत होतीस आत?

ओरिसिया: छापायला हवंय?

ग्वेन: नाही. मला हवंय.

ओरिसिया: हजेरी घेत होते.

ग्वेन: हजेरी?

ओरिसिया: तो सगळा आठवडा पोरं मधल्या सुटीतही आतच होती, आठवतंय ना? बाहेर चामडी सोलणारा वारा. आत सगळे एकमेकांच्या अंगावर. तेवढ्यात एक मुलगी आली, बुटाची चेन अडकली म्हणून. मी गुडघ्यावर बसले, चेन सोडवली, वर बघून म्हटलं, झालं हं... आणि पुढे तिचं नाव येईना.

ग्वेन: होतं गं असं. मी तर माझ्या जुळ्यांना रोज...

ओरिसिया: तसं नाही. तू एकाचं दुसऱ्याला लावतेस. माझ्याकडे लावायला काहीच नव्हतं. सप्टेंबरपासून रोज बघतेय तिला. तिचा कुठला दात कधी पडला ते माहीत, तिच्या मांजराला कोणतं औषध चालू आहे ते माहीत. नावाच्या जागी काही नाही. ती तोंड वर करून बघतेय, मी नाव घेईन म्हणून. मी नेहमी घेते ना, झालं हं अमकी, झालं हं तमक्या.

ग्वेन: आणि तू उठून आत गेलीस.

ओरिसिया: माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली.

ग्वेन: देवा.

ओरिसिया: म्हणून कडी लावली आणि हजेरी घ्यायला लागले. पहिल्या नावापासून. बाकी सगळी येत होती, ते एक गळत होतं. पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून दार वाजतंय, बाथरूमला जाऊ का, बाथरूमला जाऊ का, आणि मी आवाजावरून ओळखतेय, हा अमका, ही तमकी. तिचा आवाज यावा म्हणून वाट बघत होते. ती रांगेत आलीच नाही. शहाणी पोर, आपल्याला जायचं नसेल तर उगाच रांग लावत नाही.

ग्वेन: मग आठवलं कधी?

ओरिसिया: संध्याकाळी भांडी घासताना. आपोआप. तिथेच ओट्याला धरून उभी राहिले.

ग्वेन: डॉक्टरकडे गेलीस?

ओरिसिया: गेले. दमणूक आहे म्हणाली. शाळा आणि अभ्यास, दोन्ही करताय, झोप काढा. असेल. दमणूकच असेल. पण आईलाही पहिल्यांदा दमणूकच सांगितली होती. आणि हे घेऊन मी आज त्या वर्गात बसले होते, आणि तू वाचलंस, बहुधा शिव्या, आणि मी हसले. माझ्यावर मीच हसले, ग्वेन! याचा राग कुणावर काढू सांग. तुझ्यावर काढते, तू समोर आहेस.

(गाडी महामार्गाच्या कडेला, धान्याच्या कोठाराच्या सावलीत थांबते. इंजिन चालूच आहे. ग्वेन फोन लावते आणि तो दोघींच्या मध्ये धरते.)

थॉर्लाकसन: बोला, बोला! आजच्या सत्राचा कळस म्हणजे तुमचा निबंध. मी आताच अधिवेशनाच्या संयोजकांना कळवायला बसलो होतो.

ग्वेन: कळवू नका, सर. मी निबंध मागे घेतेय.

थॉर्लाकसन: मागे? का बरं? हॅलिनाबाईंनी हरकत घेतली का? त्यांची संमती आहे, असं आपण मला सांगितलं होतं.

ग्वेन: खोटं सांगितलं. मी तिला विचारलंच नव्हतं.

थॉर्लाकसन: हे फार गंभीर आहे. तसं असेल तर मला तो निबंध तपासताही येणार नाही. सोमवारी सकाळपर्यंत दुसरा आला नाही तर... आपली मुदतसुद्धा याच सत्रात संपते ना?

ग्वेन: हो.

थॉर्लाकसन: मुदत वाढवणं माझ्या हातात नाही.

ग्वेन: मी मागितली नाही, सर.

थॉर्लाकसन: फार वाईट वाटतं. वर्ग किती मनमोकळा हसला होता!

ओरिसिया: सर, मी ओरिसिया बोलतेय. मीही याच गाडीत आहे. वर्ग हसला त्यातलं माझं हसणं वजा करा. ते मला परत हवंय.

थॉर्लाकसन: ओरिसियाबाई? आपण... म्हणजे हॅलिना... अच्छा. अच्छा.

ओरिसिया: आणि दहा श्वास मोजायचं आमच्या वर्गात येऊन एकदा करून दाखवा. ठेवते.

ग्वेन: तू कशाला बोललीस? आता त्यांना कळलं ना.

ओरिसिया: कळू दे. एकाला कळलं. आणि तो घाबरलेला आहे.

ग्वेन: अजून रागावलेली आहेस?

ओरिसिया: मग? एका फोननं राग जात असता तर कोर्ट-कचेऱ्या बंद पडल्या असत्या. उतर. मी चालवते. तू मागे बस आणि लिही.

ग्वेन: काय लिहू? सोमवार परवावर आलाय. कुणाला निरखू आता?

ओरिसिया: मला विचारू नकोस. तुला मदत करायला मी देवमाणूस नाही. स्वतःलाच निरख हवं तर, ते स्केट बांधणं वगैरे. निदान संमती तरी मिळेल.

ग्वेन: नापास झाले तर?

ओरिसिया: तर नापास. मी येऊन तुझ्यासोबत रडेन. पण ते परवा. आज मला रागावू दे.

ग्वेन: लिहिते. जरा थांब, पहिलं वाक्यच येत नाहीये.

ओरिसिया: झोपेनं?

ग्वेन: नाही.

ओरिसिया: मग ते येईपर्यंत माझं एक काम कर. माझ्या वर्गातली सगळी पोरं तुला ठाऊक आहेत. मी गाडी चालवता चालवता नावं घेते, तू बोटांवर मोज.

ग्वेन: आणि अडलीस तर?

ओरिसिया: लगेच सांगू नकोस.