शपथ पाळली तिनं

आमी मूळचे सांगोल्याकडचे, धनगराची जात, आज्यापास्नं मेंढरंच. पन आमच्या रानात कुसळंबी धड उगवायची न्हाईत, टँकरचं पानी मान्सालाच पुरंना तर मेंढराला कुटलं, मग बा म्हनला मेंढरं इकून टाकू आन् तू जा सोलापूरला, तितं मागावर काम मिळतंय. आलो. शालनला संगं घेऊनच आलो, लगीन होऊन वरीसबी झालं नव्हतं. आता तुमास्नी खाटंवर दिसती ना ताई, तशी नव्हती वं ती. मेंढी अडली तर हात घालून कोकरू सोडवायची, आन् हसायला लागली की चार घरं लांबनं वळखू यायची, ही शालन म्हनून.

मी टॉवेलाच्या कारखान्यात लागलो, ती तितंच कांड्या भरायला. कांडी म्हंजे सूत गुंडाळलेली नळी, मागाला लागती ती. दिसभर उभं ऱ्हायचं, घरी आलं तरी कानात खडखड चालूच. अनिता झाली, आमची एकुलती पोरगी, तवापास्नं शालनची पाठ गेली. मग शेजारची लक्षुम्मा, तेलगू बाई, लई जीव लावायची, आज ती न्हाय, तिला मी बोल लावत न्हाय, ती म्हनली शालनक्का, पेलाभर शिंदी घे की, झाडाचं पानी हाय, थंड असतंय, पाठ मोकळी हुती. घेतली. पाठ मोकळी झाली, झोपबी लागली. काय सांगू तुमास्नी, घरात कन्हनं थांबलं म्हनून मलाबी बरंच वाटलं हुतं.

आता झाडाचं पानी कुटलं! एवढी शिंदीची झाडं हायती का हितं? पान्यात गुंगीची पावडर कालवत्यात, सगळ्यास्नी ठावं हाय. पेल्याचे दोन झाले, मग सकाळी तोंड धुवायच्या आदी लागायला लागली. न्हाय घेतली तर हात असे थरथरायचे की सुताचं टोक घावायचं न्हाय, घेतली की हात थांबायचे. म्हंजे कामाला जाता यावं म्हनून प्यायची आन् पिती म्हनून कामावरनं काढली. गडी पिला तर लोक म्हनत्यात पिला असंल, बाई पिली तर सगळ्या घराला नाव ठेवत्यात, पोरीला ठेवत्यात. माझी आई गावाकडनं आली ती तिच्या हातचं पानी न पिता माघारी गेली.

एक डाव शालन आपनहून म्हनली, मला बिरोबाला घेऊन चला. गेलो. देवाम्होरं भंडारा उचलला तिनं, म्हनली आजपास्नं थेंब शिवनार न्हाय. घरी आलो, तर दुसऱ्या दिशी घामानं वाकळ भिजली, म्हनायला लागली भिंतीवर मुंग्या चढल्यात, मुंग्या झाडा की वं, भिंतीवर तर एक मुंगी न्हाय. मग चूल पेटवता पेटवता बाई ताठ झाली, डोळं पांढरं, तोंडाला फेस. शेजारपाजारचे जमले, म्हनले शपथ मोडली असंल, चोरून पिली असंल, देवानं धरली हिला.

रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीन बाईम्होरं मी हात जोडले, म्हनलं बाई, हिनं देवाची शपथ मोडली. त्या म्हनल्या मामा, उलटं आहे. मोडली असती तर झटका आला नसता, पाळली म्हणून आला. शरीराला त्या पावडरीची सवय लागलीय, ती एकदम तोडली की मेंदूला सोसत नाही, माणूस जातोसुद्धा. हा आजार आहे मामा, हे भरती करून, औषध देऊन, हळूहळू सोडवायचं असतं. म्हंजे बघा ताई, माझी बाई इमानानं वागली आन् त्या इमानानंच मरत हुती की.

बरी झाली. हात थांबले. डॉक्टरीन बाई म्हनल्या निम्मं काम औषधाचं, निम्मं मान्सांचं, एकटी टाकू नका, सोडलेली मान्सं जमत्यात त्या मीटिंगला न्या. नेली. तितं सगळे गडीच. एकेक जन उठून आपलं सांगायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे. हिची पाळी आली तसं सगळ्यांनी माना वळवून बघितलं, पिनारी बाई कशी असती ते बघायला. हिनं पदर वडला, म्हनली माझं काय न्हाय, मी ह्यांच्यासंगं आलीया. परत कवा गेली न्हाय. बायांचं येगळं कुटं हाय का म्हनून लई इचारलं, कुनाला सांगता आलं न्हाय.

तरी न पिता ऱ्हायली वं ती. मीटिंग न्हाय, बोलायला कोन न्हाय, तरी अनिताच्या लग्नापातुर ऱ्हायली. माढ्याकडचं स्थळ, पोरगं चांगलं. सुपारी फुटायच्या टायमाला पोराच्या चुलत्यानं मला बाजूला घेतलं, म्हनला पाव्हनं, आमचं काय मागनं न्हाय, फकस्त पोरीची आई मांडवात नको. मी म्हनलं तिनं सोडून लई महिनं झालं. तर म्हनला सोडलं असंल, पन लोकास्नी कोन सांगत बसनार? मी अनिताकडं बघितलं. ती खालीच बघत हुती.

शालनला सांगावं लागलं न्हाय, माझ्या तोंडावरनंच वळखलं. मी म्हनलं मग मीबी जात न्हाय. ती म्हनली येडं का काय, आई न्हाय आन् बापबी न्हाय, मग पोरीनं मांडवात कुनाकडं बघायचं? तिनंच माझा फेटा बांधून दिला.

अक्षता टाकून, वाटीभर बुंदी घेऊन आलो, तर दार सताड उघडं, हुडकत गेलो. शिंदीच्या दुकानाच्या फळीवर बसली हुती, लग्नासाठी आनलेली साडी नेसून. मला म्हनली, रडली का वं पोरगी जाताना?

त्याच्यानंतर दोनदा भरती केली. येती बरी होऊन आन् चार दिसांत पुन्हा तेच. आता लिव्हर खराब झालंय, पायाला सूज, दारापातुर चालवत न्हाय. डॉक्टरीन बाई अजून म्हनत्यात आना त्यांना, आजार उलटतो, पुन्हा उपचार करायचा असतो, आमी कटाळत न्हाय. त्या न्हाय कटाळल्या, ही कटाळली. म्हनती, बरी होऊन जाऊ कुटं? ह्याला काय जवाब द्यावा, तुमी शिकल्यासवरल्या, तुमीच सांगा. अनिताला पोरगा झालाय. फोनात दावती मला. आईला दाव की म्हनलं की रेंज जाती तिची. शालन तिकडं तोंड करून पडलेली असती, पन जागी असती, मला कळतंय.

आन् एकदम बंदबी करता येत न्हाय, पुन्हा झटका यील. म्हनून आता मीच जातो बाटली घेऊन. जन्मात थेंब शिवला न्हाय मी, पन दुकानदार मला बघितलं की न इचारता भरून देतो.

बरं ताई, हिची इचारपूस करायला तुमी लांबनं आलासा, च्या घेतला, आमच्या घरात हल्ली कोन घेत न्हाय. तुमच्या लेकीबाळी तुमच्या मांडीवर खेळू देत. बसा जरा हिच्यापाशी, बोलली तर बोलंल. तिचे हात थरथरायला लागले बघा, मी जाऊन येतो.