शेठनी प्रबंध वाचला

सिटी बसनं भेस्तानचा स्टॉप सोडला तसं अनुसयाबाईंच्या पुढच्या सीटवरच्या बापलेकीचं बोलणं त्यांच्या कानावर पडायला लागलं.

"आबा, शेठ काय म्हणाले ते आधी सांगा. सकाळपासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"पीएचडीला दुनियाभरचे विषय होते, उज्ज्वला. तुला बरी माझ्या शेठचीच संघटना सापडली."

"कारखानेदार सरकारकडून कामं कशी करून घेतात, हाच तर विषय. शेठच त्यांचे अध्यक्ष, त्यांना सोडून कसं लिहू? मुलाखत दिली त्यांनी, म्हणून वाचायलाही द्यावं लागलं."

"मला वाटलं, आज कारखान्यातल्या लूमवरून काढून घरीच बसवतात. केबिनमध्ये बोलावलं. तुझा प्रबंध समोर. म्हटलं, शेठ, पोर आहे, चुकली असेल."

"आबा, असं कशाला म्हणालात?"

"ऐक तर. ते म्हणाले, वाल्मिक, कोणत्या मंत्र्याला कसं पटवलं, सगळं खरं लिहिलंय. राग एकाच गोष्टीचा आलाय."

अनुसयाबाईंचा स्टॉप आला. त्या उठल्या नाहीत.

"कशाचा?"

"व्यापाऱ्यांच्या संघटनेला तू जास्त पानं दिलीस."

"म्हणजे नोकरी आहे ना?"

"आहे गं बाई. वर दोन प्रती मागितल्यात."

"दोन कशाला?"

"एक ऑफिसात राहील. दुसरी घेऊन सोमवारी गांधीनगरला जाणार, मंत्र्यांकडे. म्हणाले, आपलं वजन किती, ते आता वाल्मिकच्या पोरीनंच लिहून दिलंय."