गोड चोर

(दुपारची वेळ. धुलाई आणि इस्त्रीचं छोटं दुकान. ताई टेबलापाशी उभी राहून इस्त्री करतेय. तिचा धाकटा भाऊ काउंटरच्या आत स्टुलावर बसलाय, त्याच्या हातात दोन पानांचा कागद.)

धाकटा: दोनच पानं आहेत, ताई. वाच तरी एकदा.

ताई: वाचली. तू चहा सांगायला गेलास तेव्हाच वाचली. ‘सदर व्यक्तीची कन्या’ म्हणजे मी ना?

धाकटा: वकिलांची भाषा ती. काम साधं आहे. उद्या बाबांवरच्या मालिकेच्या शेवटच्या भागाचं शूटिंग. मालिकेची गोष्ट संपली की पडद्यावर खरे बाबा येतात, सोफ्यावर बसतात. शेजारी तू. ते म्हणतात, पोरी, मला माफ कर. तू काही बोलायचंही नाहीस, नुसता त्यांचा हात हातात घ्यायचा.

ताई: आणि नाही घेतला तर?

धाकटा: तर शेवट होत नाही. चॅनलवाले म्हणतात, पोटच्या मुलीनं माफ केल्याशिवाय माणूस सुधारला हे लोकांना पटणार नाही.

ताई: म्हणजे सुधारायचं त्यांनी आणि दाखला द्यायचा मी.

धाकटा: तू एक भाग तरी बघितलास का?

ताई: दीड. दुसऱ्याच्या मध्यात उठले.

धाकटा: का?

ताई: आई हसली म्हणून. पोलीस आलेत, आणि मालिकेतली आई ओठबीठ रंगवून दारात उभी. हसत सांगते, न्या खुशाल, पण परत आणून द्या हं. आपली आई त्या दिवशी मोरीत कडी लावून बसली होती. संध्याकाळपर्यंत. तू दोन वर्षांचा, बाहेरून दार बडवत होतास.

धाकटा: अगं, मालिका आहे ती. थोडं इकडचं तिकडे होणारच.

ताई: मला किळस येते. नुसता राग आला असता तर बरं झालं असतं, राग उतरतो तरी. ही उतरत नाही.

बाई: आहात का? झाला का माझा कोट?

ताई: या, बाई. झालाय. बाहीवरचा शाईचा डाग मात्र पूर्ण गेला नाही. अजून घासला असता तर कापड विरलं असतं.

बाई: असू दे. निवृत्त मास्तरणीच्या बाहीकडे कोण बघतंय. ते राहू दे, काल बघितलंत का तुम्ही? नसेलच, दुकानामुळे तुम्हाला कुठली फुरसत. काय गोड चोर आहे हो तो! त्या जाड्या गोदामवाल्याला असा गंडवला, मी एकटी घरात टाळ्या वाजवल्या.

ताई: तुमच्या गळक्या नळाचं काय झालं? तो माणूस आला का परत?

बाई: नाव काढू नका मेल्याचं. आगाऊ पैसे घेतले आणि फोन बंद. रस्त्यात दिसला तर चपलेनं मारीन.

ताई: तो गोड नव्हता?

बाई: तो कसला गोड? त्यानं मला फसवलं. हा लोभी लोकांना फसवतो. शिवाय शेवटी सुधारतोय ना. आणि खरं सांगू का, चौतीस वर्षं मुलांना खरं बोला, खरं बोला सांगून माझा घसा बसला. ज्यांनी ऐकलं त्यांचं काही फार भलं झालेलं दिसत नाही. संध्याकाळी अर्धा तास तरी हुशार माणसाच्या बाजूनं बसावंसं वाटतं. हे कोण?

ताई: माझा धाकटा भाऊ.

बाई: तुम्ही बघता की नाही?

धाकटा: बघतो. एकही भाग चुकवत नाही.

बाई: मग ती छोटी मुलगी सांगा. कानाचं मशीन लावतात आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. नाटक आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी मी डोळे पुसत बसते. कुणाची पोर असेल, गुणाची आहे. बरं, निघते मी. साडेसातच्या आत स्वयंपाक उरकायचाय.

धाकटा: तुझ्या भाचीचं कौतुक चाललं होतं, ताई. सांगायचं तरी.

ताई: तुझी मुलगी आहे. तू का नाही सांगितलंस?

धाकटा: तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसलो.

ताई: मालिकेत चिमणी माझं काम करतेय हे मला कुणी सांगितलं? बसथांब्यावरच्या जाहिरातीनं. माझ्यासारखाच फ्रॉक घातलाय तिला.

धाकटा: बाबांचीच कल्पना. म्हणाले, घरचं रक्त आहे, बाहेरची पोर कशाला? आणि काय काम करते, ताई! डोळ्यांत घालायचे थेंब आणून ठेवले होते, ती बाटली उघडावीच लागली नाही. बाबाच सगळं बसवून घेतात. मशीन लावणारा नट वेगळा आहे, पण जवळून दाखवताना हात बाबांचे. म्हणतात, ही हातोटी दुसऱ्याला जमायची नाही. मशीन कानाला लागलं की दोन सेकंदांत पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी.

ताई: हात बाबांचे.

धाकटा: हो. ताई, इस्त्री उचल, वास येतोय.

ताई: उचलली. जळलं नाही काही.

धाकटा: हे बघ, मी तुझ्यासारखा नाही. तुला आठ वर्षं तरी बाप मिळाला. मला काय मिळालं? शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की मी बाहेरगावी असतात म्हणून सांगायचो. आता दोन वर्षं ते माझ्या घरात आहेत. मागच्या महिन्यात दवाखान्यात रांगेत उभा होतो, कुणीतरी ओळखलं आणि मला पुढे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या नावावर पुढे गेलो मी. एवढंही मिळू नये का मला?

ताई: मिळावं की. पण तू पुढे गेलास तेव्हा मागे कोण राहिलं, ते बघ.

धाकटा: कोण राहिलं? लोभी लोक होते ते. बाई म्हणाल्या ना आत्ता.

ताई: गोदामवाला कुणी नव्हताच. तो मालिकेसाठी काढलाय, कारण त्याला फसवलं की तुम्हाला मजा येते. बाबांची गिऱ्हाइकं सांगू? भाड्यानं घेतलेला हॉल, त्यात लाकडी खुर्च्या. खुर्च्यांवर म्हातारी माणसं आणि ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही असे आईबाप. समोर स्टुलावर मी. म्हणे मी जन्मापासून बहिरी. बाबा माझ्या मागे स्टीलचं ताट आपटायचे आणि मी पापणीसुद्धा हलवायची नाही.

धाकटा: ते दाखवलंय. लोक हसतात त्याला.

ताई: त्याची तालीम दाखवलीय का? महिनाभर आपल्या स्वयंपाकघरात. पापणी हलली की पुन्हा. पुन्हा हलली की जेवण नाही. अजून मागून कुणी हाक मारली तर मला पटकन वळता येत नाही. तुम्ही सगळे हसता, ताई आपल्याच तंद्रीत असते म्हणून.

धाकटा: हे तू कधी बोलली नाहीस.

ताई: कोणाशी बोलणार? मग बाबा मला मशीन लावायचे. प्लॅस्टिकची डबी, आत सेल आणि एक लाल दिवा, बाकी काही नाही. ते माझ्या कानाशी कुजबुजायचे आणि मी रडायचे. सगळा हॉल रडायचा. एकदा दुसऱ्या रांगेत एक आजी होती, मांडीवर सहा-सात वर्षांचा नातू. निळा स्वेटर. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. आजीनं गळ्यातली साखळी तिथल्या तिथे काढून दिली.

धाकटा: तो मुलगा? तो मालिकेत आहे.

ताई: आहे?

धाकटा: सांगतो. तुझं होऊ दे आधी.

ताई: बाबांना पकडल्यावर ती आजी आपलं घर शोधत आली. नातवाला घेऊन. आईला वाटलं, साखळी मागायला आलीय. तिनं साखळीचं नावही काढलं नाही. म्हणाली, आठ महिने मी याला मारलं. लाल दिवा चालू असायचा, मला वाटायचं याला ऐकू येतं आणि मुद्दाम ओ देत नाही. छडीनं मारलं. मला फक्त एवढं सांगा, हे मशीन खरंच चालत नव्हतं ना?

धाकटा: मग आई काय म्हणाली?

ताई: आईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. म्हटलं, त्यात काहीच नाही, आजी. तिनं तिथेच त्याला पोटाशी धरलं. तो माझ्याकडे बघत होता.

धाकटा: ताई, पण ऐक. बाबांनी हे लपवलेलं नाही. शेवटून दुसऱ्या भागात येतंय ते, मी बघितलंय. तुरुंगातून सुटले की पहिल्याच दिवशी ते त्या मुलाला शोधत जातात आणि खरं मशीन देतात. आपल्या हातानं लावतात. तो मुलगा हसतो. ते खरं आहे, ताई, बाबांनी स्वतः लेखकाला सांगितलंय. मी दोनदा बघितलं ते. दोन्ही वेळा रडलो.

ताई: तू तेव्हा मामाकडे शिकायला होतास, तुला माहीत नाही. सुटले त्या दिवशी आई आणि मी न्यायला गेलो होतो. तिथून ते घरी आले, पोटभर जेवले आणि झोपले.

धाकटा: मग दुसऱ्या दिवशी गेले असतील.

ताई: आई त्या आजीचे कपडे धुवायची. एक पैसा न घेता, आजी गेली तोपर्यंत. दर शनिवारी तो मुलगा गाठोडं घेऊन यायचा. माझ्या डोळ्यांसमोर त्याला मिसरूड फुटलं. कानात कधी काही नव्हतं. बाबा परत आल्यावर एकदा ते दारात दाढी करत बसले होते आणि तो गाठोडं घेऊन समोर येऊन उभा राहिला. बाबांनी विचारलं, कोण रे तू?

धाकटा: ओळखलं नाही?

ताई: ओळखलं नाही, आणि त्याला ते ऐकूही आलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मी गाठोडं घेतलं.

धाकटा: पण मग त्यांनी लेखकाला असं का सांगितलं?

ताई: कारण ते विकलं जातं. तेव्हा डबी विकली, आता पश्चात्ताप विकतात. दिवा तसाच लाल लागतो, आत तसंच काही नाही. तेव्हाच्या लोकांना निदान गरज होती रे. तुम्ही घरी पाय पसरून बसून, कळत असून घेता. आणि वर डोळे पुसता.

धाकटा: बास, ताई.

ताई: बास तर बास. कागद काउंटरवर ठेवू नको, ओला आहे.

धाकटा: एक विचारू? रागावू नकोस. तू काही कमी नव्हतीस मग. आठ वर्षांची पोर भरल्या हॉलमध्ये रोज रडते, ते कसं जमायचं तुला?

ताई: जमायचं नाही. बाबा मशीन लावताना कानामागे चिमटा काढायचे. अंगठ्याचं आणि बोटाचं नख रुतवून पिळायचे. समोरून दिसत नाही, केस पुढे येतात. त्या एका पोराला दिसलं होतं. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस हातांकडे बघतो. त्यानं स्वतःच्या कानामागे हात नेला आणि माझ्याकडे बघितलं.

धाकटा: कानामागे.

ताई: हो.

धाकटा: चार दिवस चिमणी केस मोकळे सोडून शाळेत जाते. एरवी दोन वेण्या घातल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. मी आणि तिची आई तिला चिडवतो, नटी झाली म्हणून.

ताई: फोन लाव.

धाकटा: बाबा आता तसे नाहीत, ताई. नातीला ते...

ताई: फोन लाव तू.

धाकटा: लावतो. हां, मी बोलतोय. चिमणी जवळ आहे का? तालीम? कुठे, आतल्या खोलीत? बाहेर बोलव तिला. कारण मग सांगतो, फोन तिच्याकडे दे. चिमणे, अगं, एक सांग मला. आजोबा मशीन लावतात ना, तेव्हा कानामागे काही करतात का? ... नाही, मी नाही रागावणार. ... कुणाला सांगायचं नव्हतं? असू दे, मला सांगितलं तर चालतं. ... बरं. ... बरं, बाळा. तू आता आईजवळच बस. आत जाऊ नकोस.

ताई: काय म्हणाली?

धाकटा: म्हणाली, पहिल्यांदा दुखायचं, आता सवय झाली.

ताई: शटर ओढ. मी येते तुझ्याबरोबर.