दोन बोटं खाली

नाही, तुम्हीच सांगा, माणसाला वाटतं काय आणि निघतं काय! मला वाटलं होतं, शिक्षण आटपून इतक्या लांबून मी घरी पोचेन, बाबा फाटकात उभे असतील, निवृत्त झाले म्हणून काय झालं, जन्मभर बस चालवलेला माणूस तो, मी बॅग खाली ठेवून म्हणेन, 'बाबा, चला, आपली बस वाचवायची!' आणि ते छाती पुढे काढून म्हणतील, 'चल!'... असं वाटलं होतं. आणि निघालं काय? पाय! फाटकातून आत शिरते तर अंगणात एक लालभडक गाडी, दोन दारांची, नाक निमुळतं, कुणावर तरी चिडल्यासारखी, आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. बाबांचे! मी म्हटलं, 'बाबा, मी आले.' पाय म्हणाले, 'आलीस? बरं झालं. तो चौदाचा पाना दे.'

अहो, मी शिकून काय आले? सार्वजनिक वाहतूक! हसू नका, असतो असा विषय. रस्त्यावरच्या गाड्या कमी कशा करायच्या आणि माणसं बसमध्ये कशी आणायची, हे शिकून आले मी! आणि कुणामुळे शिकले? या पायांमुळेच! लहानपणी बाबांच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून, त्यांचं मानगूट बघत मोठी झालेली मुलगी मी. आणि तीच बस, आमच्या गल्लीतून जाणारी, मला शाळेत सोडणारी, ती आता बंद करायची म्हणतात. का? तर म्हणे प्रवासीच नाहीत! दुसऱ्या दिवशी सकाळी वाहतूक कार्यालयात सुनावणी. बाबांनी उभं राहून दोन शब्द बोलायचे, एवढंच काम. फोनवर 'हो हो' म्हणाले होते. आणि आदल्या दिवशी हा माणूस गाडीखाली! काय करतोय? तर गाडी बसकी करतोय. म्हणजे तिच्या चांगल्या धडधाकट स्प्रिंगा काढायच्या आणि जागी आखूड स्प्रिंगा घालायच्या, की गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते. आणि किती खाली जाणार ती? दोन बोटं! तुम्हाला सांगते, सगळा खटाटोप कशासाठी? दोन बोटांसाठी!

जोडीला पानाकाका. पानाकाका म्हणजे डेपोतले जुने मेकॅनिक, बाबांबरोबरच निवृत्त झाले, पण हातातला पाना काही निवृत्त झाला नाही. मला बघून म्हणतात कसे, 'या बाईसाहेब! शिकून आलात ना? मग सांगा, दोन बोटं म्हणजे किती?' मी म्हटलं, 'कुणाची बोटं?' आणि इथेच घोळ झाला बघा. टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत बोटं घालून मापायचं असतं हे. बाबांनी घातली, चार मावली. पानाकाकांनी घातली, अडीच! त्यांचं एकेक बोट म्हणजे हातोड्याचा दांडा. झाली जुंपली दोघांची. 'माझी बोटं धरायची, गाडी माझी आहे!' 'स्प्रिंग मी बसवतोय, बोटं माझी!' खिडकीतून आई म्हणाली, 'माझी धरा. कपाळाला लावून बसलेय केव्हाची.'

मी आपली भाषण घेऊन गाडीजवळ मांडी घातली. म्हटलं, ऐकू तर येतंय ना त्यांना. मी वाचायला लागले, 'सन्माननीय अधिकारी महोदय, ही बस म्हणजे केवळ वाहन नव्हे...'

'मग काय आहे?' पायांनी विचारलं.

'बाबा!'

'नाही, चाकं होती तिला म्हणून विचारलं.'

आता सांगा, बापाच्या तळव्यांकडे बघत कुणी भाषण वाचलंय का? तळवे मान डोलावत नाहीत हो! मध्येच डावा अंगठा हलला की मला वाटायचं, पटलं वाटतं... छे! बोल्ट सुटलेला असायचा. शेवटी मी चिडले. म्हटलं, 'बाबा, जन्म बसमध्ये काढलात, आता हे काय सुचलं?' तेव्हा कुठे ते घसरत बाहेर आले, नाकाला ग्रीस, आणि म्हणाले, 'अगं, सगळी नोकरी मी रस्ता वरून बघितला. माडीवरून बघावा तसा. आता एकदा जवळून बघू दे की.' मला जरा गलबलून आलं हं, खोटं कशाला बोलू. लगेच पुढे म्हणाले, 'आणि ते बोलायचं जरा राहू दे. मला बोलता येत नाही. मला चालवता येतं.' आणि परत आत! गलबलणं गेलं, मी नुसती धुमसत राहिले. गल्लीची बस चाललीये, आणि हा माणूस कुठे? दोन बोटांखाली!

बरं, बसवल्या एकदाच्या स्प्रिंगा. जॅक उतरवला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. गाडी खाली आली, आली, आली... आणि थांबली. बाबांनी फटीत बोटं घातली. चार मावली. पाचवं पण मावलं! अहो, दोन बोटं खाली जायची ती गाडी एक बोट वर! फेंगड्या पायांनी टाचा उंचावून उभी, जणू भिंतीपलीकडे डोकावतेय! आई बाहेर येऊन म्हणाली, 'छान. बसच करून टाकली की हिची.'

पानाकाका गाडीभोवती फिरले, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि एकदम कपाळावर हात मारून ओरडले, 'खड्डा! अरे, आपण खड्ड्यातच नव्हतो!' मला वाटलं, गेले काका कामातून. पण तसं नव्हतं. डेपोत काय असतं, बस आपल्या चारी चाकांवर उभी असते आणि हे लोक खाली खड्ड्यात उतरून काम करतात. बसचं सगळं वजन चाकांवर, त्या अवस्थेत बोल्ट आवळायचे. जन्मभराची सवय! इथे अंगणात कुठला खड्डा? गाडी जॅकवर, चाकं अधांतरी लोंबतायत, आणि यांनी लोंबत्या चाकांनीच सगळे बोल्ट करकचून आवळले. आत रबराचे बुश असतात, ते पिळले गेले आणि गाडीला वरच धरून बसले. दोघांच्या मिळून दोन जन्मांचा अनुभव हो! आणि चूक कुठे? दोन बोटांत!

मग उपाय काय? चाकांखाली फळ्या घातल्या, गाडी तिच्या चाकांवर उभी केली, आणि पानाकाका म्हणाले, 'आता वजन पाहिजे. भरा माणसं!' पुढे आई, मागे मी, माझ्या शेजारी शेजारच्या काकू, त्या बिचाऱ्या नुसत्या आवाज कसला म्हणून बघायला आल्या होत्या. मी! गाड्या कमी करा म्हणून शिकून आलेली मी, भाषण छातीशी धरून, गुडघे हनुवटीला लावून, गाडीत वजन म्हणून बसले! काका खालून ओरडतायत, 'बाईसाहेब, हलू नका!' बोल्ट सैल झाले, आणि गाडीने असा उसासा टाकला, हाऽऽश... आणि खाली! काकांनी तशीच आवळून टाकली. आता तुम्हीच विचार करा, तीन बायका आत असताना आवळली, तर रिकामी झाल्यावर ती वर येईल का? आली नाही! दोन नाही, चांगली चार बोटं खाली. बाबा तिच्याकडे असे बघत होते... माझ्या पदवीच्या फोटोकडेसुद्धा असं बघितलं नव्हतं.

सकाळ झाली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार! म्हणाले, 'चल, येतो सुनावणीला. पण गाडीने.' मी म्हटलं, 'मी बसने जाणार.' ते म्हणाले, 'जा की.' गाडी सुरू केली, फाटकाशी आणली, आणि फाटकाचा उंबरा आहे ना आमचा, अगदी बोटभर... खर्रर्र! नाक गल्लीत, शेपूट अंगणात, पोट उंबऱ्यावर. पुढे जाईना, मागे येईना. आणि तेवढ्यात कोण यावं? बस! तीच, माझी, वाचवायची असलेली! गल्लीत आडवं लाल नाक, बसला जायला जागा नाही. ड्रायव्हर बाबांच्याच हाताखाली शिकलेला, खिडकीतून म्हणाला, 'गुरुजी, बाजूला घ्या ना!' गुरुजी म्हणाले, 'घेतली असती रे!'

बसमधली माणसं भराभर उतरली. आणि प्रवासी नाहीत म्हणे! अहो, संपता संपेनात! डबेवाले, पिशवीवाले, दवाखान्यात निघालेले आजोबा, कॉलेजच्या मुली, सगळे घड्याळं बघत चरफडतायत. मला वाटलं, हीच वेळ! मी उंबऱ्यावर चढले आणि सुरुवात केली, 'मित्रहो, ही बस म्हणजे केवळ वाहन नव्हे...' मागून एक बाई खेकसली, 'अगं ए, भाषण नंतर, आधी गाडी उचल!'

उचलली. सगळ्यांनी मिळून, दोन्ही बाजूंनी धरून, गाडी अधांतरी. आणि कंडक्टरबाई घामाघूम होऊन मला विचारतात, 'ताई, आत का बाहेर? लवकर सांग, हात सुटतायत!'

आत ठेवली असती तर बाबा बसने आले असते. माझी सगळी तत्त्वं, सगळं शिक्षण, सगळं 'आत' म्हणत होतं. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, 'आत ठेवा. माझं काय, येईन बसने.' पण कसं म्हणाले? शेवटचा घास दुसऱ्याच्या ताटात वाढून 'माझं पोट भरलंय' म्हणतात ना, तसं! आणि माझ्या तोंडून गेलं, 'बाहेर!'

भोगा आता! बाबा पुढे, बस मागे, रस्ता अरुंद. एकेक गतिरोधक आला की बाबा गाडी तिरकी करणार, एक चाक हळूच चढवणार, मग दुसरं, मग खाली उतरून पोट बघणार, परत बसणार. मुंग्या पुढे गेल्या हो आमच्या! बसमध्ये नुसता आरडाओरडा. 'कामावर खाडा लागेल!' 'डॉक्टर निघून जातील!' कंडक्टरबाईंनी हात वर केले, 'मला सांगू नका, साहेबांना सांगा, त्यांचं ऑफिस वाटेतच आहे!'

तिथे साहेब काय म्हणत होते माहितेय? मी दारातून ऐकलं, 'या मार्गावर प्रवासी नाहीत, हे सर्वांना मान्य...' आणि 'सर्वांना' म्हणेपर्यंत दार उघडून अख्खी बस आत घुसली! 'उशीर झाला त्याचं लिहून द्या!' 'ही बस वेळेवर का येत नाही?' 'आम्ही रोज जातो हिने, रोज!' साहेब खुर्चीतून उठले. 'एवढे लोक? या बसचे?' आणि गोंधळात बाबा उभे राहिले. मी टाळ्या वाजवायच्या तयारीत. बाबा म्हणाले, 'साहेब, बसची चूक नाही. पुढे मी होतो.' आणि बसले. संपलं भाषण! निकाल काय? बस चालू राहील, पुढच्या सुनावणीपर्यंत. माझा कागद? घडीसुद्धा उलगडली नाही.

तुम्हाला सांगते, एवढी शिकले, एवढ्या लांबून आले, आणि बस वाचवली कुणी? दोन बोटांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले, तर परत ते दोन पाय. म्हणाले, 'अगं, ती पुढची सुनावणी कधी आहे? नाही, म्हटलं, तोवर मागून अजून दोन बोटं खाली घ्यावी का?'

मग काय करणार... खाली बसले, चौदाचा पाना उचलला आणि म्हटलं, 'घ्या. पण या वेळी बोटं माझी धरायची.'