तो शब्दच नव्हे

अनुया: म्हणजे एक पण नाही, काकू? 'पाणी' नाही, 'हो' नाही?

शालिनी: नाही गं. सांगितलं ना तुला. तू आधी पन्हं घे, बर्फ विरघळला बघ.

अनुया: घेते. पण आज मला डॉक्टरसाहेबांना पक्कं सांगायचं आहे. स्ट्रोक थंडीत झाला, आता लू चालू झाली. काकाजींचा एक पण शब्द नसेल, तर ते म्हणतात बोलण्याची थेरपी बंद करू. चित्रांची पाटी देऊ. ग्लासावर बोट ठेवलं, की पाणी.

शालिनी: बंद? म्हणजे कायमचीच?

अनुया: ज्यांना थोडं तरी बोलता येतं, त्यांना आधी टाइम देतात. खूप पेशंट आहेत, काकू. मला पण वाईट वाटतं. एक शब्द जरी असता ना, तरी मी भांडले असते.

(दिलीपराव आरामखुर्चीत बसले आहेत. तोंड बंद खिडकीकडे.)

शालिनी: पाटी म्हणे. चाळीस वर्षं विमा कंपनीत भल्याभल्यांना बोलून गार केलं या माणसानं, आणि आता पाटी.

अनुया: खिडकी उघडू का? किती घुटन होते.

शालिनी: नको! राहू दे.

अनुया: पण कूलरला तर खिडकी उघडी लागते ना? नाहीतर सगळं चिपचिप होतं.

शालिनी: होऊ दे. सवय आहे आम्हाला.

अनुया: बरं. काकू, एक विचारू? खाली राठौड आंटीजी भेटल्या. त्या म्हणाल्या, साहेब तर रोज मॅडमना हाक मारायचे. फोकली की असंच काही. किती प्रेमानं बोलावतात, म्हणाल्या. तुमचं माहेरचं नाव आहे का?

शालिनी: अगं बाई! हळू बोल!

अनुया: काय झालं?

शालिनी: काही झालं नाही. ते माझं नाव नव्हे.

अनुया: मग काय आहे?

शालिनी: काही नाही. तो शब्दच नव्हे.

अनुया: काकू, ते म्हणायचे की नाही?

शालिनी: ...म्हणायचे.

अनुया: कधी?

शालिनी: कधी काय, उठता बसता! पाणी हवं तरी तेच, उशी सरकली तरी तेच. भाजी आणायला मला उशीर झाला की दार उघडताच तेच. फोकलीच्या! फोकलीच्या! घे, वदवलंस माझ्या तोंडून.

अनुया: फोकलीच्या. किती साफ आहे! काकू, हा तर पूर्ण शब्द आहे. मागच्या वेळी मी विचारलं, तर तुम्ही शून्य का सांगितलं?

शालिनी: शब्द कसला डोंबलाचा! शिवी आहे ती. घाणेरडी.

अनुया: मतलब?

शालिनी: मतलब विचारू नकोस. घरी जाऊन आईलाही विचारू नकोस, ती म्हणेल देशमुखांच्या घरी कसली थेरपी करतेस.

अनुया: मी जयपूरचीच ना, मला मराठी शिव्या येतच नाहीत.

शालिनी: तेच तर एक बरं होतं इथे. राठौडबाईंना कळत नाही, दूधवाल्याला कळत नाही. अगं, हा माणूस शिपायालासुद्धा अहो-जाहो करायचा. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी 'च्यायला' ऐकलं नाही मी यांच्या तोंडून. रामरक्षा पाठ होती यांना. रोज दिवा लावला की म्हणायचे. ती गेली सगळी, आणि हे राहिलं! कुठल्या गटारातून आलं कोण जाणे. लहानपणी चिपळूणला ऐकलं असेल.

अनुया: काकू, असं पुष्कळांचं होतं. बोलणं जिथे असतं ना डोक्यात, तिथे मार लागला. शिवी, मोजणं, गाणं, हे थोडं दुसरीकडे पण राहतं. जे वाचलं, ते वाचलं. आमचे बस्सी गावचे एक मास्टरजी आहेत, त्यांच्याजवळ फक्त 'चुप बैठो' वाचलं. त्याच्यावरूनच सुरू केलं आम्ही. आता चहा मागतात.

शालिनी: त्यांचं बरंय. चुप बैठो चारचौघांत तरी चालतं.

अनुया: पण आता काकाजी का म्हणत नाहीत? मी येते तेव्हा तर एकदम गप्प असतात.

शालिनी: पन्हं संपव तू.

अनुया: काकू.

शालिनी: ...या खिडकीसमोरच्या फ्लॅटमध्ये गोविंदराव राहतात. आपल्या महाराष्ट्र मंडळाचे. यांचे जुने दोस्त. गुढीपाडव्याला ते आणि सुमित्रावहिनी आले होते, श्रीखंड घेऊन. मी त्यांना टाळत होते, पण सणाला दारातून कसं परतवायचं? यांनी गोविंदरावांना पाहिलं मात्र! चांगला हात वर केला, आणि जोरात... तेच. दोनदा.

अनुया: मग?

शालिनी: वहिनींचा चेहरा पडला. आणि मी तोंड दाबलं यांचं. हातानं. असं, घट्ट. लहान मुलाचंही कोणी दाबत नाही असं.

अनुया: काकू...

शालिनी: त्यांना आनंद झाला होता गं. दोस्त आला म्हणून आनंद झाला होता. मला कळत होतं, आणि तरी मी दाबून ठेवलं. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. त्या दिवसापासून, तू यायला लागायच्या आधीपासून, एक आवाज नाही. मी समोर आले की ओठ मिटून घेतात. मग खिडकी लावली. गोविंदराव दोनदा येऊन गेले, मी दारातूनच सांगितलं, झोपलेत.

अनुया: मी कोणाला नाही सांगणार.

शालिनी: सांग गं, आता काय राहिलंय लपवायचं! शिवी त्यांनी दिली, पण लाज वाटावी असं वागले ती मी. आणि आता तू म्हणतेस पाटी. बोट ठेवत बसायचं त्यांनी जन्मभर, माझ्यापायी.

अनुया: एक करून बघू? अर्धा शब्द आपण म्हणायचा, बाकी ते पूर्ण करतात. फोक... काकाजी? फोक...? नाही. माझ्यासाठी नाही बोलणार ते.

शालिनी: मग?

अनुया: तुम्ही म्हणा. तुम्हीच बंद केलंत ना.

शालिनी: यांच्या तोंडावर? मी?

अनुया: हो. त्यांच्यासमोर बसून.

शालिनी: अहो... इकडे बघा. अहो, खिडकीकडे नको, माझ्याकडे. मी चुकले हो. हात नाही लावणार आता तोंडाला, हे बघा, पदरात ठेवले दोन्ही. फो... शी, कसं म्हणू मी!... फोक...

अनुया: थांबा. त्यांना वेळ द्या.

शालिनी: रडू नका हो. म्हणा ना. फोक...

दिलीप: ...लीच्या.

अनुया: काकू! एक! मी एक सांगते डॉक्टरांना!

शालिनी: थांब जरा. अहो, थांबा हं, खिडकी उघडते. ही कडी पण मेली... हं, उघडली. गोविंदराव गॅलरीतच आहेत. आता म्हणा. मोठ्यानं.