रविवारी येणारी एरर

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा लॅपटॉप पोटाशी धरून उभे होते.

"काका, परत तुम्ही? अपडेटनंतरची ती एरर मी दोनदा काढली ना?"

"काढलीत. रविवारी परत आली."

"दर वेळी रविवारीच? माझं तर डोकंच चालेना. रविवारी करता काय तुम्ही?"

"मी कुठे काय करतो? मुलगा परदेशातून फोन करतो. तो सांगेल ती बटणं दाबतो."

"म्हणजे मी काढलेला जुना प्रोग्रॅमच तो परत टाकायला लावतो! अहो, दुकानात दुरुस्त केलंय, एवढं सांगायचं त्याला."

"एकदा सांगितलं होतं. दोन मिनिटांत फोन ठेवला त्याने."

"बरं... मग आता काय करू? दुरुस्त करू की नको?"

"करा की. फक्त रविवारपुरतं काहीतरी बारीकसं राहू द्या."